रिपोर्ट ‘मध्येच’ आला तर? हर्पिसच्या रक्ततपासणीबद्दल समजून घेऊ या



या वेळचा विषय जरा नाजूक आहे. बैठकीत मोठ्याने बोलायला आपण लाजतो. पण न बोलल्यामुळे एका ताईचं घर मोडायची वेळ आली होती, म्हणून लिहिते आहे. तिनेच सांगितलं, “माझं नाव-गाव नका घालू, पण लिहा.”

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका गटाची मासिक बैठक संपली. बचत जमा झाली, वह्या बंद झाल्या, बायका उठून गेल्या. ही ताई मात्र चप्पल घालता घालता थांबली. पदराआडून मोबाइल काढला आणि म्हणाली, “मॅडम, एवढं वाचून सांगा. कुणाला बोलू नका.”

मोबाइलमध्ये एका खाजगी लॅबच्या रिपोर्टचा फोटो होता. तिचा दुसऱ्यांदा गर्भपात झाला होता, आपोआप, तिसऱ्या महिन्यात. त्यानंतर तिला ‘टॉर्च’ नावाची तपासणी करायला सांगितली होती. अठराशे रुपये लागले. ते तिने गटातूनच कर्जाने घेतले होते. रिपोर्टमध्ये बऱ्याच ओळी होत्या. त्यातल्या एका ओळीत हर्पिसचं नाव, पुढे १.०२ हा आकडा आणि त्याच्यापुढे ‘इक्विव्होकल’ असा शब्द. लॅबमधल्या मुलाने सांगितलं, “हर्पिस आहे, पण थोडा आहे.” नवऱ्याने मोबाइलवर हर्पिस म्हणजे काय ते शोधलं. लैंगिक आजार, एवढंच त्याच्या डोळ्यात भरलं. त्या रात्रीपासून घरात एकच प्रश्न: हे तू कुठून आणलंस? दुसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं. पिशवी भरून ठेवलेली होती.

ताईंनो, ‘थोडा हर्पिस’ असं काही नसतं. ‘इक्विव्होकल’ म्हणजे ‘आहे’ असं नाही आणि ‘नाही’ असंही नाही. यंत्राला नक्की सांगता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुठे ‘बॉर्डरलाइन’ लिहितात, कुठे ‘इनडिटरमिनेट’, कुठे ‘ग्रे झोन’. सगळ्यांचा अर्थ एकच.

आपल्या वहीचंच बघा ना. महिन्याच्या शेवटी हिशेब दहा रुपयांनी जुळला नाही, तर आपण लगेच सचिव ताईला चोर म्हणतो का? नाही. पुन्हा मोजतो, पावत्या बघतो, कुणाचा हप्ता लिहायचा राहिला का ते विचारतो. मध्येच आलेला रिपोर्ट म्हणजे न जुळलेला हिशेब. आधी पुन्हा मोजायचं. दोष द्यायची घाई करायची नाही.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमकडून वाचून घेतला आहे.

आधी हर्पिस म्हणजे काय ते पाहू

हर्पिस हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. त्याचे दोन प्रकार आहेत: एक नंबरचा आणि दोन नंबरचा.

एक नंबरचा बहुतेक करून तोंडाशी असतो. ताप येऊन गेला की काही जणांच्या ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका येतो, आठवडाभरात खपली धरतो आणि जातो. आपण ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ म्हणून सोडून देतो. बरेचदा तो हर्पिसच असतो. तो लहानपणीच लाळेतून लागतो. घरातल्या कुणी पापा घेतला, तेवढंही पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात हा एक नंबरचा विषाणू आहे. म्हणजे आपल्या गटात १० जणी असतील, तर त्यातल्या सहा-सात जणींच्या अंगात तो असू शकतो. सासूबाईंच्या, नवऱ्याच्या, माझ्याही.

दोन नंबरचा मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो आणि अंगावरच्या जागी फोड किंवा जखमा येतात. जगात १५ ते ४९ वयाच्या ५० कोटींहून जास्त लोकांना तो आहे. त्यातल्या बहुतेकांना त्रासच होत नाही किंवा इतका किरकोळ होतो की कळतही नाही. एक नंबरचा विषाणूही कधी कधी खालच्या जागी येऊ शकतो.

हा विषाणू एकदा अंगात आला की मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. औषधाने तो पूर्ण निघून जात नाही, पण फोड लवकर बरे होतात आणि पुन्हा पुन्हा येणं कमी करता येतं. जिवावर बेतणारा आजार तो सहसा नाही.

आणखी एक घोटाळा टाळा. आपल्याकडे नागीण होते, कमरेला किंवा पाठीला एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि आग आग होते. तिच्याही इंग्रजी नावात ‘हर्पिस’ हा शब्द आहे. पण नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि शरीरसंबंधाशी तिचा काही संबंध नाही. कुणी नुसतं ‘हर्पिस’ म्हणालं तर “कोणता?” हे आधी विचारा.

रक्तात नेमकं काय बघतात?

इथेच खरी गंमत आहे. ही रक्ततपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला आपल्या शरीराने जे संरक्षक पदार्थ तयार केलेले असतात, ते ती शोधते. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, डॉक्टर ‘अँटिबॉडी’ म्हणतात. रिपोर्टमध्ये ती दोन नावांनी दिसतात.

आयजीएम: हे संसर्गाच्या सुरुवातीला तयार होतं असं मानतात. त्यामुळे ‘आयजीएम आलं म्हणजे नवीन लागण’ असा समज झाला. हर्पिसच्या बाबतीत हा समज टिकत नाही. जुना हर्पिस पुन्हा उठला तरी आयजीएम वाढू शकतं. दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळे यंत्र फसू शकतं. आणि एक नंबर की दोन नंबर हे आयजीएम नीट सांगत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने हर्पिससाठी आयजीएम तपासणी करू नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

आयजीजी: हे हळूहळू तयार होतं आणि बहुतेक वेळा जन्मभर टिकतं. पासबुकातल्या जुन्या नोंदीसारखं. नोंद आहे एवढं कळतं, पण तारखेचा कागद फाटलेला असतो. लागण झाल्यापासून आयजीजी रक्तात दिसायला काही आठवडे लागतात. खात्री करायची तर साधारण १२ आठवडे, म्हणजे तीन महिने थांबावं लागतं.

त्या ताईच्या रिपोर्टमधली १.०२ ची ओळ आयजीएमची होती. म्हणजे ज्या तपासणीवर मुळातच भरवसा नाही, तिचाच निकाल धड आला नव्हता. आणि त्याच्याच खालच्या ओळीत आयजीजी चक्क निगेटिव्ह होतं. ते कुणी वाचलंच नव्हतं.

आकडे कसे वाचायचे?

बऱ्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये साधारण असं असतं:

• ०.९ पेक्षा कमी – निगेटिव्ह
• ०.९ ते १.१ – मध्येच, म्हणजे इक्विव्होकल
• १.१ पेक्षा जास्त – पॉझिटिव्ह

हे आकडे प्रत्येक लॅबच्या किटप्रमाणे बदलतात. म्हणून आकड्याशेजारी ‘रेफरन्स रेंज’ म्हणून जो रकाना असतो, तो आधी बघा. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघू नका. किलोचा काटा आणि पायलीचं माप यांची तुलना होत नाही, तसंच हे.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही. आकडा फक्त यंत्राला किती खात्री वाटते ते सांगतो.

रिपोर्ट मध्येच का येतो? मुख्य कारणं अशी:

१. तपासणी फार लवकर झाली. शरीराने अजून पुरेशी प्रतिपिंडं तयार केलेली नाहीत.

२. यंत्र फसलं. एक नंबर आणि दोन नंबर हे सख्ख्या भावांसारखे दिसतात. कांजिण्यांचा विषाणूही त्यांच्याच भावकीतला. एकाची प्रतिपिंडं बघून यंत्राला दुसऱ्याचा भास होऊ शकतो.

३. लागण जुनी आहे आणि प्रतिपिंडं कमी झाली आहेत.

४. नुसताच चढ-उतार. एकाच रक्ताची दोनदा तपासणी केली तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो. रेषेच्या अगदी जवळ असला की तो कधी अलीकडे पडतो, कधी पलीकडे.

यातलं कोणतं कारण आहे हे त्या एका कागदावरून कळत नाही.

‘पॉझिटिव्ह’सुद्धा चुकू शकतो

हे ऐकून पुष्कळ जणींना आश्चर्य वाटतं, म्हणून एक हिशेब मांडते. हे आकडे समजायला घेतले आहेत, खऱ्या गावाचे नाहीत.

समजा एका गावात २०० बायकांची दोन नंबरच्या हर्पिससाठी तपासणी केली. त्यातल्या २० जणींना तो खरोखर आहे, १८० जणींना नाही. तपासणी चांगली आहे, १०० निरोगी बायकांमागे फक्त ५ ठिकाणी चुकते. आता मोजा. खरोखर लागण असलेल्या २० पैकी १९ जणी पॉझिटिव्ह आल्या. निरोगी १८० पैकी ९ जणी चुकून पॉझिटिव्ह आल्या. एकूण पॉझिटिव्ह २८. त्यातल्या ९ जणींना काहीच झालेलं नाही. म्हणजे जवळपास दर तिसरीला विनाकारण डाग लागला.

त्रास नसलेल्या सगळ्यांचीच तपासणी करत सुटलं की असं होतं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली सांगितलं की ज्यांना काही त्रास नाही, त्यांची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये. त्यात गरोदर बायकाही आल्या. २०२३ मध्ये त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

दोन नंबरच्या आयजीजीचा आकडा १.१ ते ३ च्या मधे असेल, तर चुकीचा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीने खात्री केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

रिपोर्ट कधीच सांगत नाही अशा तीन गोष्टी

हा भाग घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.

पहिली: लागण कधी झाली. महिन्यापूर्वी की २० वर्षांपूर्वी, रक्त सांगत नाही.

दुसरी: कुणाकडून झाली. लग्नाआधीची असेल, नवऱ्याकडून असेल, लहानपणी आजीने घेतलेल्या पाप्यातून असेल. नवऱ्याला कधी एक फोडही आला नसेल, तरी त्याच्याकडून लागू शकते, कारण फोड नसतानाही विषाणू बाहेर पडतो.

तिसरी: शरीरात कुठे आहे. एक नंबरचा आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर तो तोंडाचा की खालचा, हे कळत नाही. टॉर्चच्या रिपोर्टमध्ये तर पुष्कळदा ‘एक अधिक दोन’ असं एकत्रच लिहिलेलं असतं. मग तो आकडा लहानपणच्या ओठावरच्या फोडाचाही असू शकतो.

म्हणून हर्पिसच्या रक्ताच्या रिपोर्टवरून बाईचं चारित्र्य ठरत नाही. पुरुषाचंही नाही. असं ठरवणं म्हणजे पासबुकातली नुसती शिल्लक बघून पैसे कुणी भरले ते सांगण्यासारखं आहे.

मग गर्भपात हर्पिसमुळे झाला का?

बाई आतून जळत असते ती या प्रश्नाने. माझ्या अंगातल्या कशाने तरी माझं बाळ गेलं का?

पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांत झालेल्या बिघाडामुळे होतात. तो बिघाड गर्भ तयार होतानाच झालेला असतो. बाईने काय उचललं, काय खाल्लं, कुठे गेली, याचा त्याच्याशी संबंध नसतो. पुन्हा पुन्हा गर्भपात होण्यामागे थायरॉइड, ताब्यात नसलेली साखर, गर्भपिशवीच्या रचनेतला दोष, रक्त गोठण्याशी संबंधित एक विकार अशी कारणं शोधायची असतात. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपातासाठी टॉर्च तपासणी करणं बंद करावं, असं आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलेलं आहे. कारण तिच्यातून गर्भपाताचं कारण हाती लागत नाही.

टॉर्च या नावात टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस आणि ‘इतर’ अशा आजारांची आद्याक्षरं आहेत. डॉक्टरांना काही विशिष्ट शंका असेल, सोनोग्राफीत काही दिसलं असेल, तर यातल्या एखाद्या तपासणीला अर्थ असतो. पण ‘गर्भपात झाला, करा टॉर्च’ असं सरसकट लिहिलं असेल, तर “डॉक्टर, या तपासणीने माझ्या उपचारात काय फरक पडेल?” असं शांतपणे विचारायला हरकत नाही. तो आपला हक्क आहे.

याउलट काही तपासण्या खरोखर उपयोगाच्या आहेत आणि त्या गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मोफत होतात: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही आणि सिफिलिस म्हणजे गरमी. सिफिलिसमुळे खरोखर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं. आणि तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. अठराशे रुपयांच्या टॉर्चच्या मागे धावताना ही फुकटची तपासणी राहून गेली, असं होऊ देऊ नका.

गरोदरपणात हर्पिसची काळजी कधी घ्यायची?

काळजीच करू नका, असं मी म्हणत नाही. काही वेळा हर्पिस बाळासाठी खरंच धोक्याचा असतो.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाला लागण होण्याची शक्यता मोठी असते. नवजात बाळाला हर्पिस झाला तर तो गंभीर असतो. पण लागण जुनी असेल तर आईची प्रतिपिंडं बाळाचंही रक्षण करतात आणि धोका शंभरात एकापेक्षाही कमी राहतो.

म्हणून गरोदर ताईने हे लक्षात ठेवावं:

• अंगावरच्या जागी फोड, जखम, आग, लघवीला जळजळ असं काही झालं तर लाज न बाळगता लगेच डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कधी झालं असेल तर तेही सांगून ठेवा.

• पूर्वीपासून त्रास असेल तर शेवटच्या महिन्यात डॉक्टर गोळ्या सुरू करू शकतात. कळा सुरू होताना तिथे फोड असतील तर सिझेरियनचा निर्णय घेतला जातो.

• नवऱ्याला खालच्या जागी किंवा ओठावर फोड असतील, तर त्या काळात संबंध टाळा. तोंडानेही नको.

• बाळ झाल्यावर ज्याच्या ओठावर असे फोड आहेत, त्याने बाळाचा पापा घ्यायचा नाही. मग ती आत्या असो की आजोबा. वाईट वाटलं तरी चालेल.

रिपोर्ट मध्येच आला तर काय करायचं?

१. कागद घेऊन डॉक्टरकडे जा. लॅबमधल्या माणसाने किंवा मोबाइलने सांगितलेला अर्थ धरू नका. रिपोर्टचा अर्थ तुमचा त्रास आणि तपासणी एकत्र बघून लागतो.

२. ओळ नीट बघा. आयजीएम आहे की आयजीजी? एक नंबर, दोन नंबर की एकत्र? नुसतं आयजीएम असेल तर तेच पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका.

३. त्रास नसेल आणि डॉक्टरांनी गरज आहे असं सांगितलं, तर साधारण तीन महिन्यांनी एक आणि दोन नंबर वेगवेगळे दाखवणारी आयजीजी तपासणी करता येते. पहिल्याच लॅबमध्ये केली तर तुलना सोपी जाते. आयजीएम खरं असेल तर तोपर्यंत आयजीजी यायला हवं. आयजीजी निगेटिव्हच राहिलं तर पहिला रिपोर्ट खोटा होता, असं डॉक्टर सहसा म्हणतात.

४. फोड किंवा ओली जखम असेल तर रक्तापेक्षा त्या जखमेचा नमुना महत्त्वाचा. कापसाच्या काडीने नमुना घेऊन ‘पीसीआर’ तपासणी करतात. त्यात खुद्द विषाणूच सापडतो. पण फोड ताजे असतानाच जायला हवं, खपली धरल्यावर उपयोग कमी. जखमेवर चुना, हळद, तंबाखू काहीही लावू नका. फोड बघून अनुभवी डॉक्टर तपासणीशिवायही औषध सुरू करू शकतात.

५. फोड आले असतील तर एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्या. दोन नंबरच्या हर्पिसमुळे एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो.

६. नवरा-बायको दोघंही जा. एकटीला उभं करून प्रश्न विचारण्यापेक्षा दोघांनी डॉक्टरांच्या समोर बसणं बरं.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे अशा आजारांवर मोफत तपासणी आणि औषध मिळतं, आणि समुपदेशक असतात. हर्पिसच्या फोडांसाठी तिथे लाल रंगाचं औषधाचं किट असतं. एचआयव्हीची तपासणी ‘आयसीटीसी’ केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. गरोदर ताईंसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. आशाताईला आधी विचारून ठेवा. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि रिपोर्टवरून घरात मारहाण झाली, घराबाहेर काढलं, तर १८१ वर फोन करा.

गटाने काय करायचं?

आपल्या गटात कुणी असा कागद घेऊन आली तर तीन गोष्टी पाळू या.

एक, तो कागद बैठकीत फिरवायचा नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. ज्या ताईला तिने विश्वासाने दाखवला, तिच्यापाशीच ती गोष्ट राहिली पाहिजे.

दोन, तिला एकटीला दवाखान्यात पाठवायचं नाही. एकीने सोबत जायचं. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही, बाहेर बाकावर बसलं तरी पुष्कळ आहे.

तीन, तपासणीसाठी कर्ज मागितलं तर नकार द्यायचा नाही, पण एवढं जरूर विचारायचं: “ताई, ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते का, ते बघितलंस?” ग्रामसंघाच्या आरोग्य निधीतून प्रवासखर्च देता येत असेल तर तो द्यावा. जिल्ह्याच्या गावाला जाण्यासाठी दोनशे रुपये नाहीत, म्हणून तालुक्याला अठराशे घालवले जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या ताईचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पाठवलंच. मी घरी जाऊन बोलले, पण सासूबाईंनी ऐकून घेतलं नाही. ती ११ दिवस माहेरी होती. मग आशाताई आणि मी नवऱ्याशी शेतात जाऊन बोललो. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. शेवटी म्हणाला, “डॉक्टरने तोंडाने सांगितलं तर मानेन.”

दोघांना घेऊन आम्ही सुरक्षा क्लिनिकला गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही सारखेच प्रश्न विचारले. कधी फोड आले का, जखम झाली का, ओठावर कधी काही येतं का. नवऱ्याच्या ओठावर दर पावसाळ्यात येत होतं. डॉक्टर हसून म्हणाले, “मग हर्पिस तर तुमच्याकडेच असेल, आणि तोही बहुतेक लहानपणापासून.” तो खाली बघत राहिला. त्याच दिवशी दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह. तीन महिन्यांनी तिची हर्पिसची आयजीजी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. म्हणजे ती १.०२ ची ओळ फसवी होती.

आता ती सासरी आहे, बैठकीला येते. कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. पण परवा मला म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मला परत आणलं. पॉझिटिव्ह आला असता तर?”

तिच्या या प्रश्नासाठीच हा लेख लिहिला, ताईंनो. पॉझिटिव्ह आला असता तरी ती तीच बाई होती. तेव्हाही रक्ताने सांगितलं नसतं की कधी, कुठून आणि कुणाकडून. तेव्हाही औषध होतं, संसार होता, पुढचं मूल होऊ शकत होतं. पुढच्या बैठकीत हा लेख एकीने वाचून दाखवा. आणि वाचून झाल्यावर कुणी चप्पल घालता घालता थांबली, तर तिच्यासाठी दोन मिनिटं तुम्हीही थांबा.